मेचेचा सीन, कायदेशीर मार्गाने

लोक सिनेमे आणि मालिका चोरून का बघतात, असं मला मागच्या वर्षापर्यंत कुणी विचारलं असतं, तर मी एका शब्दात उत्तर दिलं असतं: संस्कार. म्हणजे त्यांचा अभाव. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचो, आणि त्या विषयाची एक वाईट खोड आहे. भूगोल निवृत्तीच्या दिवशी नकाशांसकट शाळेत ठेवून येता येतो. नागरिकशास्त्र तुमच्याबरोबर घरी येतं, जेवायला बसतं आणि शेजाऱ्यांच्या चुका काढत राहतं.

आता मला कुणी विचारत नाही. विचारलंच तर मी म्हणेन, बसा, चहा-पाव घ्या, जरा लांबण लागेल.

लिमातल्या आमच्या इमारतीत चोरीच्या डिस्क न बघणारा मी एकटा होतो. तळमजल्यावरच्या सोरायदाबाई इमारतीच्या कमिटीच्या अध्यक्ष आहेत. जिन्यात कुणी सायकल लावली की लगेच नोटीस डकवतात, आणि नवा सिनेमा थेटरात लागायच्या आधी त्यांच्या टीव्हीवर लागतो. दुसऱ्या मजल्यावरच्या इंजिनियर मोगोयॉन यांच्याकडे चोरीचा माल वर्णानुक्रमे लावलेला आहे, कारण ते शिस्तीचे आहेत. फार कशाला, आमच्या चर्चच्या हॉलमध्ये पवित्र आठवड्यात येशूच्या आयुष्यावरचा सिनेमा दाखवतात, तोही बाजारातलाच. कुणीतरी थेटरात बसून कॅमेऱ्यानं उतरवलेला. ऐन क्रूसाच्या प्रसंगी एक जाडा माणूस उठतो आणि पडद्यासमोरून लाह्या आणायला जातो. बायका डोळे पुसता पुसता दरवर्षी त्याला शिव्या घालतात. मी त्या हॉलमध्ये पाय ठेवत नसे. पाद्रीबाबा मला म्हणाले होते (आमच्याकडे शाळामास्तरालाही प्रोफेसरच म्हणतात), “प्रोफेसर, देवाला चालतं.” मी म्हणालो होतो, “देवाला चालत असेल, घटनेला चालत नाही.”

असा मी होतो. आता मेचेकडे येतो.

मेचे माझी थोरली बहीण. ती माझ्याकडे राहते किंवा मी तिच्याकडे राहतो. यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. दोघांनीही लग्न केलं नाही, मी तत्त्वासाठी आणि तिनं, तिच्या म्हणण्याप्रमाणे, माझ्यासारखाच एखादा पदरी पडेल या भीतीनं. ती एका टीव्ही चॅनेलच्या कपडेपटात शिवणकाम करायची. ‘धुक्यातली वारसदार’ नावाच्या मालिकेचं शूटिंग चालू असताना मोलकरणीचं काम करणारी नटी आलीच नाही. डायरेक्टरनं इकडेतिकडे बघितलं, आणि मोलकरणीचा एप्रन हातात घेऊन त्याची शिवण दुरुस्त करत बसलेल्या मेचेलाच तो घालायला लावला. एकच सीन. कपबश्यांचा ट्रे पाडायचा आणि मालकिणीला चार शब्द सुनवायचे. मेचेनं ते असे काही सुनवले की म्हणे कॅमेरामननं टाळ्या वाजवल्या.

तो भाग ज्या संध्याकाळी लागला त्या संध्याकाळी आमच्या भागात वीज गेली. त्या काळात बंडखोर डोंगरातले विजेचे मनोरे बॉम्बनं उडवायचे आणि अर्धं शहर मेणबत्त्या शोधत बसायचं. उरलेल्या अर्ध्या शहरानं माझ्या बहिणीला बघितलं. पलीकडच्या भागातल्या बेकरीवाल्यानं दुसऱ्या दिवशी तिला तिचंच वाक्य म्हणून दाखवलं आणि पाव फुकट दिला. ती मालिका पुन्हा कधी लागली नाही. मेचेनं स्वतःला कधीच बघितलं नाही.

मागच्या एप्रिलमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं, काचबिंदू. उजवा डोळा गेल्यातच जमा होता. डावा ख्रिसमसपर्यंत टिकला तर नशीब समजा, म्हणाला. घरी आल्यावर मेचे शिवणयंत्रावरचं कापड सरळ करत म्हणाली, “हिलारियो, मला काही जग बघायचं राहिलेलं नाही. मला माझा सीन बघायचाय. एकदा.”

“आणतो,” मी म्हणालो.

“बाजारात मिळेल म्हणतात. त्या डिस्कवाल्या बायकांकडे जुनं सगळं असतं.”

“बाजारात चोरीचं असतं. मी रीतसर आणतो.”

“रीतसर आण, बिनरीतसर आण, पण डोळा आहे तोवर आण.”

आता वाटतं, त्याच क्षणी पायात चपला सरकवून बाजारात गेलो असतो तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण मग ती सांगण्यासारखी राहिली नसती, आणि मला ते फार आवडलं असतं.

मी चॅनेलच्या कचेरीत गेलो. मेचेला बरोबर नेलं होतं, पण आत एकालाच सोडत होते, म्हणून ती बाहेर टॅक्सीत बसून राहिली. आवक-जावकच्या खिडकीत एक स्वेटर घातलेला गृहस्थ होता.

“मालिकेशी तुमचा संबंध काय?”

“माझ्या बहिणीनं त्यात काम केलंय.”

“करारपत्र?”

“करार नव्हता हो. ती शिवणकामाला होती. ऐनवेळी उभी केली.”

“मग ती त्या मालिकेत आहे याला पुरावा काय?”

“तो भाग लावा, त्यात ती दिसेल.”

“भाग लावण्यासाठी आधी संबंध सिद्ध व्हावा लागतो.”

खरं सांगतो, मला राग आला नाही. मी वर्गात असंच उत्तर दिलं असतं. मी आदरानं विचारलं, मग काय करावं लागेल? तो म्हणाला, बहिणीचं कुलमुखत्यारपत्र आणा, आणि तिच्या हयातीचा दाखला.

“ती खाली टॅक्सीत बसलीय. खिडकीतून बघा, तो निळा स्कार्फ.”

त्यानं वाकून बघितलं. मेचेनं हात हलवला. “दिसल्या,” तो म्हणाला, “पण टॅक्सीतून हयात चालत नाही. नोटरीकडून यावी लागते.”

मेचेला जिवंत ठरवायला नोटरीनं बराच वेळ घेतला, कारण सहीची रेघ तिला दिसेना आणि ती दरवेळी टेबलावर सही करायची. शेवटी सगळे कागद जमा झाले, शिक्के बसले, आणि जूनमध्ये उत्तर आलं. जुन्या टेपा काटकसरीसाठी परत वापरण्यात आल्या होत्या. ज्या टेपेवर मेचेचा भाग होता तिच्यावर फुटबॉलचा सामना रेकॉर्ड केला होता. विशेष म्हणजे तो बरोबरीत सुटला होता. आपण जिंकलो असतो तर मी समजून घेतलं असतं. मात्र मालिकेची एक प्रत त्याआधीच परदेशी कंपनीला विकली होती, आणि हक्क आता त्या कंपनीकडे होते.

सोरायदाबाई जिन्यात भेटल्या. “प्रोफेसर, कशाला वणवण करता? बाजारात नेलिदा म्हणून आहे, तळघरातल्या दुकानात. तिच्याकडे माझ्या नवऱ्याच्या लग्नाचा व्हिडिओसुद्धा सापडला.”

“तुमच्या लग्नाचा?”

“नाही, त्याच्या. पहिल्या.”

मी म्हणालो, आभारी आहे, पण आम्ही रीतसर बघणार आहोत. त्यांनी मेचेकडे बघितलं. मेचे कठड्याला धरून पायरी चाचपत होती. बाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांचं ते न बोलणं मला अजून खटकतं.

इंजिनियर मोगोयॉन म्हणाले, ती मालिका आता इंटरनेटवर आहे, पैसे भरून बघता येते. मला हवं होतं तेच! मी त्यांच्याच कॉम्प्युटरवर बसून माझं नाव, पत्ता, जन्मतारीख सगळं खरं खरं भरलं आणि कार्डाचा नंबर टाकला. बँकेनं तत्काळ कार्ड बंद केलं. बँकेत गेलो तर तिथली मुलगी म्हणाली, तुमच्या वयाच्या माणसानं मालिकेसाठी परदेशात पैसे भरले, म्हणजे कार्ड चोरीला गेलं असणार असं आमच्या यंत्राला वाटलं. मीच भरले, असं मी लेखी दिलं. मग पैसे गेले, आणि पडद्यावर अक्षरं उमटली: ही मालिका तुमच्या देशात उपलब्ध नाही.

मी कंपनीला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवल्यावर एक गोड आवाजाची मुलगी आली.

“आपण कुठल्या देशातून बोलताय?”

“पेरूमधून. मालिका जिथं बनली तिथून. तुम्हाला त्या मालिकेत जो चौक दिसतो ना, तिथून मी बसनं दहा मिनिटांवर राहतो.”

“सॉरी हं. ही मालिका सध्या स्पेन, रुमानिया आणि बल्गेरियामध्ये उपलब्ध आहे.”

“बल्गेरियात? तिथं कोण बघतं?”

“ते नाही सांगता येणार, पण तिथं बघता येते.”

“आणि माझे पैसे?”

“सदस्यत्वाचे आहेत ते. तुम्ही इतर कार्यक्रम बघू शकता. बल्गेरियन नाटकं आहेत आमच्याकडे.”

मोगोयॉन हसून खुर्चीतून घसरायचे राहिले. म्हणाले, “प्रोफेसर, सोपं आहे. कॉम्प्युटरला फक्त सांगायचं की आपण रुमानियात बसलोय. मी करून देतो, दोन मिनिटं.”

“म्हणजे खोटं बोलायचं?”

“अहो, मशीनशी!”

“खोटं कुणाशी बोललो यावरून खोट्याचं खरं होत नाही, इंजिनियर.” हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. घरी येऊन मी ते मेचेलाही ऐकवलं. ती सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत होती. तिनं सुई आणि दोरा दोन्ही माझ्या हातात दिले आणि म्हणाली, “एवढं ओवून दे, मग बोल.” त्यानंतर तिनं पुन्हा कधी सुई मागितली नाही.

शेवटी मी स्पेनमधल्या एका दुकानातून संपूर्ण मालिकेचा अस्सल, शिक्का मारलेला डिस्कचा संच मागवला. त्यासाठी माझा हिवाळ्याचा नवा कोट रद्द झाला, त्याबद्दल तक्रार नाही. पार्सल लिमात आलं आणि कस्टममध्ये अडकलं. तिथल्या साहेबांनी ते माझ्यासमोर फोडलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी नकळत खिसे चाचपले.

“किती प्रती आहेत?”

“एक.”

“एकीतून किती काढणार?”

“एकही नाही हो! घरी बघायला आहे.”

“घरी बघायला?” त्यांनी शेजारच्या साहेबाला हाक मारली. “ऐक रे, हे अस्सल डिस्क घरी बघायला मागवतात.” मग माझ्याकडे वळून, अगदी समजुतीच्या सुरात, “प्रोफेसर, अस्सल माल फक्त नकली काढणारे मागवतात. नुसतं बघायचं असतं तर पाच सोल टाकून बाजारातून नसती का घेतली? मी स्वतः तिथूनच घेतो.”

चाळीस वर्षांच्या नोकरीत ज्याला कधी कुणी खडूचोर म्हटलं नाही, त्या माणसाला चोरीची डिस्क न घेतल्याबद्दल चोर ठरवण्यात आलं. मी चोर नसल्याचं एक प्रमाणपत्र लागेल म्हणाले, ते दुसऱ्या कचेरीतून आणायचं, आणि त्या कचेरीत संप चालू होता. त्या दिवसांत मेचे चहा कपात ओतायच्या ऐवजी बशीत ओतू लागली होती. मी बशी पुढे सरकवायचो. संप मिटला, प्रमाणपत्र मिळालं, आणि सप्टेंबरमध्ये पार्सल घरी आलं.

त्या रविवारी मेचेनं केस धुतले. ओठांना लिपस्टिक लावली, जराशी बाहेर गेली ती मी रुमालानं पुसून दिली. सोरायदाबाई केळीच्या पानात वाफवलेले मक्याचे तमाल घेऊन आल्या, मोगोयॉन खुर्च्या घेऊन आले. रीतसर माणसाचा विजय बघायला सगळी इमारत दारात उभी होती. मी डिस्क लावली. आधी सूचना आली, आठ भाषांत: चोरी हा गुन्हा आहे. ती पुढे ढकलता येत नाही, पूर्ण वाचावीच लागते. चोरीच्या डिस्कवर ही सूचना नसते, असं मोगोयॉन म्हणाले. म्हणजे चोरी करू नका हे जगात फक्त न चोरणाऱ्यांनाच वाचायला लावतात. सूचना संपल्यावर यंत्रानं सांगितलं की ही डिस्क युरोपसाठी आहे आणि आपला प्लेअर अमेरिका खंडातला आहे.

“रिमोटवर चार आकडे दाबले की प्लेअर सगळं वाचतो,” मोगोयॉन हळूच म्हणाले.

“ते कायदेशीर आहे का?”

“प्रोफेसर, तुम्ही जरा खिडकीतून बाहेर बघा बरं.”

मी खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर धुक्याशिवाय काही नव्हतं, आमच्याकडे सप्टेंबरपर्यंत चालणाऱ्या हिवाळ्यात नसतंच. वळलो तेव्हा मालिका सुरू झाली होती.

मेचेनं खुर्ची टीव्हीच्या पार जवळ नेली, डावा डोळा पडद्यासमोर आणला. मालकीण जिन्यावरून उतरली. मालकीण सोफ्यावर बसली. दार उघडल्याचा आवाज आला. “आता मी,” मेचे म्हणाली. आणि लगेच पुढचं चित्र आलं: जमिनीवर फुटलेल्या कपबश्या, सांडलेला चहा, गालावर हात ठेवून मालकीण. बाकी कुणी नाही. सीन कापलेला होता. पेटीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं मी नंतर वाचलं, परदेशी प्रेक्षकांसाठी संक्षिप्त आवृत्ती. नोकरचाकरांची दृश्यं परदेशी प्रेक्षकांना कंटाळवाणी वाटतात म्हणे.

“कदाचित पुढच्या भागात असेल,” सोरायदाबाई म्हणाल्या.

“मांजरानं फोडल्या असतील,” मेचे म्हणाली आणि भिंतीला धरून आत गेली. तमाल कुणी खाल्ले नाहीत.

मी दुसऱ्याच दिवशी बाजारात गेलो. हो, गेलो! अभिमान गिळून, टोपी डोळ्यांवर ओढून गेलो. तळघरात नेलिदाचं दुकान सापडायला वेळ लागला नाही. बाई भाताच्या डब्यातून घास घेत होती. मालिकेचं नाव सांगितलं, भाग सांगितला. तिनं चमचा खाली न ठेवता मागे हात घातला आणि डिस्क काढली. “तिकडे आरेकिपा शहरात कुणीतरी तेव्हा टीव्हीवरून टेप केलेली. जाहिरातींसकट आहे. पाच सोल. लावून दाखवते.” या बायका डिस्क लावून दाखवल्याशिवाय विकत नाहीत, आणि बिघडली तर बदलून देतात. स्पेनच्या दुकानानं मला अजून उत्तर दिलेलं नाही.

छोट्या टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली, मग जिना दिसला, सोफा दिसला, दार उघडलं आणि पांढऱ्या एप्रनची कड दिसली. मी डोळे मिटून घेतले. विकत न घेतलेलं बघणं हीसुद्धा चोरीच, असा विचार माझ्या मनात आला. मला डोळे होते, आणि मी ते मिटले. याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा, माझं म्हणून झालंय.

“घ्यायचीय ना?” नेलिदा म्हणाली.

हात खिशात गेला आणि खिशातच राहिला. पाच सोलांचं नाणं बोटांना लागत होतं. पण माझ्या हातून, या वयात, भर बाजारात चोरीचा माल विकत घेतला जाणार, आणि नेलिदा सोरायदाबाईंना सांगणार, आणि त्या जिन्यात काही न बोलता माझ्याकडे बघणार! तेवढ्यात शेजारच्या गिऱ्हाइकानं तीन सिनेमे घेतले आणि म्हणाला, “कासेरा, यापा?” आमच्या बाजारात नेहमीचं गिऱ्हाईक आणि दुकानदार एकमेकांना कासेरो, कासेरा म्हणतात, आणि खरेदी झाली की वर काहीतरी फुकट टाकायचं, त्याला यापा. बटाट्यांवर कोथिंबीर, सिनेमांवर सिनेमा. नेलिदानं त्याच्या पिशवीत आणखी एक डिस्क टाकली.

आणि मला मार्ग दिसला. यापा विकला जात नाही. यापा भेट आहे. भेट स्वीकारायला कायद्याची मनाई नाही. तिच्या दुकानात सेल, वायरी, रिमोटची कव्हरं असा अगदी सज्जन मालही होता.

“बाई, मला दोन सेल द्या,” मी म्हणालो, “आणि यापा म्हणून ती डिस्क.”

नेलिदानं चमचा खाली ठेवला. “यापा कासेरोला देतात. तुम्ही आज पहिल्यांदा आलाय.”

“कासेरो व्हायला किती वेळा यावं लागतं?”

“हे काय शाळेत नाव घालणं आहे? येत राहायचं. जमलं की जमतं. अहो, पाच सोल टाका ना, पाच सोलांनी काय होतंय!”

“प्रश्न पाच सोलांचा नाही. तत्त्वाचा आहे.”

“मग तत्त्वाला सेल देऊ का?”

मी सेल घेतले. पुढच्या खेपेला वायर घेतली. रिमोटचं कव्हर घेतलं, आणखी एक घेतलं. कासेरो व्हायचं म्हणजे नुसती खरेदी पुरत नाही, हेही कळलं. तिच्या गुडघ्याची चौकशी करायची, चिलीला गेलेल्या तिच्या लेकीला शिव्या द्यायच्या, पाऊस नाही याबद्दल सरकारला बोल लावायचे. सरकारला नावं ठेवणं मला जड गेलं, पण शिकलो. बहिणीच्या डोळ्यांचं मात्र मी बोललो नाही. दया येऊन दिला तो यापा कसला, ती तर भीक झाली. मला हक्काचा यापा हवा होता. घरी मेचे विचारायची, “मिळाली का रे?” मी म्हणायचो, “मिळाल्यातच जमा आहे. एक छोटीशी औपचारिकता राहिलीय.” ती म्हणायची, “तुझ्या औपचारिकतेला आग लागो.” पण हसून म्हणायची. अजून खिडकीचा चौकोन तिला दिसत होता, आणि माझी टोपी.

नोव्हेंबर उजाडला. एके दिवशी मी दुकानात गेलो आणि म्हणालो, “एक रेडिओ द्या. मोठ्या बटणांचा.”

नेलिदा म्हणाली, “रेडिओ कुणाला, कासेरो?”

कासेरो म्हणाली! ज्या शब्दासाठी मी एवढे सेल जमवले होते तो शब्द आला, आणि मला काही वाटलं नाही. “बहिणीला,” मी म्हणालो. “तिला आता टीव्हीचा उपयोग नाही. शनिवारी सकाळी उठली आणि म्हणाली, हिलारियो, दिवा लाव. दिवा चालूच होता.”

नेलिदा माझ्याकडे बघत राहिली. “ती मालिका... तिच्यासाठी होती?”

“त्यात तीच आहे. ट्रे पाडणारी.”

तिनं शिवी दिली. साधी नाही, घाटातली, खानदानी. मग फळीवरून डिस्क काढली आणि माझ्या छातीवर अशी मारली की मी एक पाऊल मागे गेलो. “आधी तोंड शिवलं होतं का तुमचं? घ्या. आणि रेडिओही न्या. आणि परत माझ्या दुकानाची पायरी चढू नका.” ती फुकट मिळालेली डिस्क यापा होती की नाही, यावर विचार करण्याचं त्राण माझ्यात नव्हतं. रेडिओचे पैसे मी गल्ल्यावर ठेवले आणि निघालो.

संध्याकाळच्या चहानंतर मी डिस्क लावली. कुणालाही बोलावलं नाही. मेचे सोफ्यावर बसली होती, हात मांडीवर. साबणाची जाहिरात झाली. मालकिणीची पावलं वाजली. दार उघडलं. मग एका बाईचा आवाज आला, तरुण, जरासा थरथरता:

“कप फुटला तो ऐकू आला तुम्हाला, सिन्योरा? मी बारा वर्षं या घरात फुटतेय, ते कधी ऐकू आलं नाही.”

“मी आहे,” मेचे म्हणाली.

“तूच आहेस.”

“थांबव. तिथंच थांबव.” मी चित्र थांबवलं. “आता सांग. कशी दिसते मी?”

“पांढरा एप्रन आहे, कॉलरला झालर—”

“एप्रन मीच शिवलाय. तोंड सांग.”

मी पडद्याजवळ गेलो. आयुष्यभर मी तिच्यासमोर जेवलो होतो, पण असं तिच्या तोंडाकडे कधी बघितलं नव्हतं. “हनुवटी वर आहे,” मी म्हणालो. “केस एका बाजूनं सुटलेत. डोळे... मेचे, तुझे डोळे फार मोठे होते गं. तू सरळ इकडे बघतेयस. आमच्याकडे.”

“कॅमेऱ्यात बघितलं मी. डायरेक्टर ओरडला होता त्यावरून.” मग तिनं विचारलं, “कुठं मिळाली?”

“बाजारात.”

“कधी?”

मी खोटं बोलू शकलो असतो. मशीन नव्हतं समोर, बहीण होती, तरी बोलू शकलो असतो. “सप्टेंबरमध्येच नेलिदाकडे सापडली होती,” मी म्हणालो. “मला ती विकत घ्यायची नव्हती. यापा म्हणून हवी होती.”

“विकत केवढ्याला होती?”

“पाच सोल.”

तिनं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली.

“पाच सोल माझ्याकडे होते, हिलारियो,” ती म्हणाली.

मला रडू आलं. मी उभ्यानंच रडलो, आवाज न करता, पण तिला ते कळलं असावं, कारण ती म्हणाली, “पुरे. पहिल्यापासून लाव. आणि या वेळी बोलू नकोस.”

मी पहिल्यापासून लावली. मेचेचं तोंड टीव्हीच्या थोडं डावीकडे, भिंतीकडे होतं. मी ते सरळ केलं नाही. ती ऐकत होती, आणि तिच्या वाटचं मी बघत होतो.